बोटं आखडली, असं मी सांगितलं

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, वहिनीला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. मधे काही वर्षं मी बऱ्यापैकी पीत होतो — तेव्हाही नाही. पिऊन भल्याभल्यांची तोंडं सुटतात, माझं नाही सुटलं. म्हणजे बघा, किती जपून ठेवलंय.

कुठून सुरू करू? बोटांपासून करतो. बोटांचं सांगायला सोपं आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी बोटं धरली. उजव्या हाताची मधली दोन, डाव्याचं एक. सकाळी जाग यायची तेव्हा मिटलेली असायची. उघडायला गेलो की अर्ध्यात अडकायची, मग कटकन आवाज करून उघडायची, आणि कळ अशी जायची की आईच आठवायची. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचो. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. गरम पाण्यात मीठ टाकून हात बुडवून बसलो, निर्गुडीचा पाला वाफवून बांधला, बाम चोळला, मुलाचा रबरी चेंडू दाबत बसलो — सगळं केलं. हे कशानं झालं? गोल्फनं. हसायचं असेल तर हसून घ्या.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याला. भात लावणारी माणसं आम्ही. पण गावाच्या पलीकडच्या अंगाला श्रीमंत लोकांचं गोल्फचं मैदान आहे. शनिवार-रविवार मुंबईहून गाड्या येतात. उन्हाळ्यात आमच्या बाया टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसतात आणि कुंपणापलीकडे हिरव्या गवतावर फवारे उडत असतात, ते मैदान. गावातली पोरं तिथं कॅडी म्हणून लागतात — साहेबांची बॅग खांद्याला लावायची, मागं मागं चालायचं, गवतात हरवलेला बॉल शोधून द्यायचा. शाळा सुटल्यापासून मी तेच केलं. साहेब लोक जेवायला गेले की आम्ही जुन्या स्टिकनं खेळायचो. आणि मला ते जमायचं हो! इथं तरी खोटं कशाला बोलू? गावातले म्हातारे चिडवायचे, "काय रे सुऱ्या, तुझा साहेबांचा विटीदांडू काय म्हणतोय?" पण मैदानावर साहेब थांबून माझा फटका बघायचे. मला वाटायचं, देवानं मला दुसरं काही दिलं नसेल, पण हात दिलेत.

हात. हेच हात.

मग मी खेळ सोडला. एकदम. तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेन. पुढं कित्येक वर्षं स्टिकला बोट लावलं नाही. का सोडला? गावात कुणालाही विचारा, सांगतील — बिचाऱ्याची बोटं गेली, भावाला वाचवताना. असं सांगतील. डोळ्यांत पाणी आणून सांगतील. आणि ते खोटं आहे. ते मी पसरवलंय.

थांबा. दादाबद्दल सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

दादा म्हणजे काशिनाथ, माझा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, त्यानंतर माझं सगळं दादानंच केलं. तो कौलं चाळायचा. पावसाच्या आधी घरावरची कौलं काढून, फुटकी बाजूला करून, पुन्हा नीट बसवायची — मे महिन्यात आसपासच्या सगळ्या गावांना दादा पाहिजे असायचा. छपरावर असा चालायचा की खाली कौल करकरायचंसुद्धा नाही. वर बसून गाणी म्हणायचा, खालच्या बायांची थट्टा करायचा. वहिनी चिडायची, "उतरा खाली, मग बघते!" असा माणूस. आज त्याला उंबऱ्याबाहेर न्यायचं तरी उचलावं लागतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात विहीर आटली की गाळ काढतात. घरटी एक माणूस तरी येतो. एक-दोघं खाली उतरतात, गाळाची घमेली वर येतात, आणि शेवटी माणसाला वर ओढून घ्यायचं. लाकडी दांड्यावर त्याला बसवायचं, दोर कप्पीवरून घ्यायचा, वर तिघं-चौघं दोर धरतात. एक रीत आहे. जो खाली उतरलाय, त्याच्या घरचा माणूस दोरावर सगळ्यात पुढं. दुसऱ्या कुणाला पुढं उभं करत नाहीत. आणि पुढच्यानं दोराचा वेढा तळव्याला मारायचा — नुसता मुठीत धरायचा नाही. काथ्याचा दोर, हात सोलून निघतो. निघू दे. वेढा मारला की हात सोलतो, पण माणूस सुटत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्या वर्षी आमच्या घरातून दादा उतरला. दोरावर पुढं मी.

आणि त्याच आठवड्यात मैदानावर कॅडींची स्पर्धा होती. जो पहिला येईल त्याला कायमचा घेणार होते, शिकवणाऱ्याच्या हाताखाली. नाव शिवलेला शर्ट. बॅग उचलायची नाही, दुसऱ्याला सांगायचं — असा धर, असा फिरव. मला ते इतकं हवं होतं, इतकं, की मी आठवडाभर विळा हातात घेतला नव्हता. तळव्याला फोड यायला नको. गोल्फमध्ये स्टिक धरायची ती बोटांनी — चामडी सोलली की पकड बिघडते, संपलं. दादाला सगळं माहीत होतं. उतरायच्या आधी हसून म्हणाला, "सुऱ्या, हाताला जप रे. उद्या साहेब व्हायचंय तुला." आणि तरी दोर माझ्याच हातात देऊन उतरला.

मी वेढा मारला नाही.

हे आहे. हेच ते. खांद्यावर माझा पंचा होता, तो मी दोरावर गुंडाळला आणि त्याच्यावरून धरला. तळवा वाचावा म्हणून. मागच्या दोघांना दिसलं नसेल, मी पाठमोरा होतो. दादा जवळजवळ वर आला होता. त्याचं डोकं दिसलं, चिखलानं माखलेलं, दात तेवढे पांढरे. काहीतरी थट्टा करणार होता, मला त्याच्या तोंडावरून कळलं. आणि पंचा घसरला. पंचा दोरावरून असा सरकला जसा साबण लावलाय — आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. मागच्यांना हिसका बसला, त्यांच्याही हातातून दोर पळाला. सगळ्यात मागच्यानं कमरेला बांधला होता म्हणून दादा तळाशी गेला नाही. मधल्या कातळावर आपटला. कंबरेच्या खालचं हाड.

त्या क्षणाला मी काय केलं असेल, सांगा? खाली वाकून बघितलं? ओरडलो? नाही. मी पंचा उचलला आणि झटकून खांद्यावर टाकला.

दवाखान्याच्या दारात काकांनी विचारलं, "दोर सुटला कसा रे?" आणि माझ्या तोंडातून आलं, "बोटं आखडली, काका. धड मिटेनात, धड उघडेनात." मी हात पुढं केला. बोटं वाकडी करून दाखवली. नाटक नव्हतं असं म्हणवत नाही — नाटकच होतं, पण हात खरंच थरथरत होता, त्यामुळं खपून गेलं. लोक जमले. कुणीतरी माझी बोटं धरून चोळायला लागलं. दादा स्ट्रेचरवर. त्यानं मान वळवून सांगितलं, "त्याला काय बोलू नका. माझाच भार जड. माझ्यापाय त्याचा हात गेला."

माझ्यापाय. ऐकलंत? हाड त्याचं मोडलं आणि माफी तो मागत होता.

त्याच वेळी बोलायला हवं होतं की नाही? तेव्हा बोललो असतो तर चार शिव्या बसल्या असत्या, दोन थोबाडीत बसल्या असत्या, मिटलं असतं. पण मी त्याच्या वाक्याच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो, आणि तिथंच राहिलो. स्पर्धेला गेलो नाही. कसा जाणार? ज्याची बोटं आखडलीत त्यानं स्टिक कशी धरायची? लोक म्हणाले, काय नशीब पोराचं, भावाला धरताना हात गेला. मी मान खाली घालून ऐकायचो. मुरबाडला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि चारचौघांत काही उचलायची वेळ आली की डावा हात पुढं करायचो. इतकी वर्षं! सवय झाली. कधीकधी तर एकटा असतानाही डावाच हात पुढं जायचा.

दादाचा पाय आखूड झाला. छपरावर चढणं संपलं, चिखलात उभं राहून भाताची आवणी करणं संपलं. रस्त्याला टपरी टाकून बसला. शेत वहिनीनं ओढलं, अजून ओढते. आणि दादानं काय केलं माहीत आहे? मुरबाडपलीकडच्या म्हसाच्या देवाला नवस बोलला. स्वतःच्या पायासाठी? छे. माझ्या बोटांसाठी. "भावाची बोटं उघडू दे, अनवाणी चालत येईन." वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास गिळला आणि म्हणालो, "दादाचं आपलं काहीतरीच."

दोन वर्षांपूर्वी मैदानावरून निरोप आला. नवा मॅनेजर आलाय, जुन्या कॅडींतली खेळणारी माणसं शोधतोय, आठवड्याच्या शेवटी येणाऱ्या पाहुण्यांना शिकवायला. मी दादाकडे गेलो आणि म्हणालो, "दादा, हल्ली बोटं जरा उघडतायत." एवढंच म्हणालो. दादा रडला. टपरीवर, गिऱ्हाइकांसमोर, माझा हात हातात घेऊन, एकेक बोट उघडून बघत रडला.

त्या पौषात तो नवस फेडायला निघाला. म्हसाची जत्रा. आमच्या गावाहून धडधाकट माणसाला दिवसभराची चाल आहे. दादा निम्म्यात पडला. त्याला टमटममध्ये घालून नेला, देवापुढं उभा केला, परत आणला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचा सांधा झिजलाय, आता लांब चाललास तर कायमचा बसशील.

आणि मग पावसाळ्यात माझी बोटं धरली. खरीखुरी! आयुष्यात पहिल्यांदा खरी. इतक्या वर्षांनी परत स्टिक धरली, हात मऊ पडलेला, वय झालेलं, आणि मी बादल्याच्या बादल्या बॉल मारत होतो, एखाद्या भुकेल्यासारखा. दादा मला शहापूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? माझ्याआधी दादाच बोलला, "लय वर्षांचं हाय, डॉक्टर. माझ्यापाय झालं. मधी बरं वाटलेलं, आता परत उलटलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

घरी येताना दादा म्हणाला, "माझीच चूक. नवस चालत बोललेला, आन् मी टमटमनी गेलो. देव कसा ऐकंल? या वर्षाला पुरता चालणार."

मी काय करायला हवं होतं? रिक्षा थांबवायला हवी होती. तिथंच, रस्त्यात. मी म्हणालो, "बघू."

पुढचं ऐका. पुढचंच सांगायला बसलोय. विहिरीचं निदान एक पापणी लवायच्या आतलं होतं. हे तसं नाही.

जत्रेच्या महिनाभर आधी मी एकटा कल्याणला गेलो, दुसऱ्या डॉक्टरकडे. त्याला खरं सांगितलं — अनोळखी माणसाला खरं सांगायला मला काही वाटत नाही, बघताच आहात. गोल्फ, मोठी गॅप, रोजचे बॉल. त्यानं बोट दाबून बघितलं आणि म्हणाला, ट्रिगर फिंगर. काळजी करू नका. स्टिक फार आवळून धरता का? मी म्हणालो, हो, आवळून धरतो. का धरता, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं बोटांच्या मुळाशी इंजेक्शनं दिली, म्हणाला थोडे दिवस खेळू नका, हळूहळू सुटतील. आणि सुटली. जत्रा जवळ आली तोवर सकाळी हात सरळ उघडत होता. दुखत नव्हता. जत्रेच्या आधी! लक्षात येतंय ना तुमच्या?

मी कुणाला सांगितलं नाही. घरात बोटं वाकडी धरून वावरत होतो. सवय होतीच.

वहिनी आमच्या घरी आली. ती कधी काही मागत नाही. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी सांगा त्याना. पाय जाईल त्यांचा. तुमचंच ऐकतील ते, माझं नाय ऐकत." मी काय म्हणालो? "दादा कुणाचं ऐकतो का, वहिनी?" तिनं पदर खोचला. मग गेली.

का नाही बोललो? मीच मला विचारून थकलो. इंजेक्शनचं सांगितलं तर दादा म्हणणार, इंजेक्शनानं बरं होण्यासारखं होतं तर इतकी वर्षं का नाही घेतलंस? मग एक धागा ओढला की दुसरा. विहिरीपर्यंत. म्हणजे भीती. दुसरं काही नाही, भेकडपणा. त्याला छान नाव द्यायला मला येत नाही.

उजाडताना निघालो. दादा अनवाणी, काठी घेऊन. मी बरोबर, त्याच्या चपला एका पिशवीत घेऊन. सुरुवातीला बोलत होता, रस्त्याकडेची घरं दाखवत होता — हे छप्पर मी केलेलं, याची कौलं पाच वर्षं हलली नव्हती. मग बोलणं कमी झालं. मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. जत्रेला जाणाऱ्या गाड्या शेजारून जात होत्या, लोक हात करत होते, बसा म्हणत होते. मुरबाड मागं पडलं आणि दादा रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मांडी धरून बसला होता, दोन्ही हातांनी, जणू ती सुटून पडेल. मी म्हणालो, "पाणी देऊ?" त्यानं मानेनं नको म्हटलं. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं,

"दुखतात का रे बोटं?"

बघा हं. नाय दुखत — एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं. विहीर नको, पंचा नको, कबुली नको, काही नको. नाय दुखत, दादा, सकाळपासून बरं वाटतंय. तो म्हणाला असता, मग पावला देव, आणि मी त्याला पहिल्या गाडीत घालून घरी आणला असता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलणं माझ्या फायद्याचं होतं. आणि त्याच्याही.

मी म्हणालो, "दुखतात."

तोंडातून आलं. विचार करून नाही — आणि विचार केला असता तर वेगळं आलं असतं, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दादानं मान हलवली, काठी रोवली आणि उठला. उठताना त्याच्या तोंडून जो आवाज आला, तो माणसाचा नव्हता. मी त्याला काखेत धरलं. त्यानं माझा हात बाजूला केला, म्हणाला, "हात नको लावू. टेकून चाललं की मग चालणं नाय ते." आणि चालत गेला. म्हसापर्यंत चालत गेला. देवापुढं तो उभा राहू शकला नाही, बसून हात जोडले. मीही त्याच्या मागं हात जोडून उभा होतो. काय मागितलं आठवत नाही.

त्यानंतर दादा चाललेला नाही. सांधा गेला. ऑपरेशनचं बोलतात डॉक्टर, पण आता हाड धरेल की नाही ते सांगत नाहीत. तो ओटीवर खाटेवर असतो. वहिनी त्याला उचलते, फिरवते, अंघोळ घालते. मला हात लावू देत नाही — म्हणते, "तुमची बोटं नुकतीच बरी झालीत, भाऊजी, राहू द्या."

मैदानावर मी अजून जातो. शनिवार-रविवार पाहुण्यांना शिकवतो.

रोज सकाळी दादा हाक मारतो. मी जाऊन खाटेशी उभा राहतो. तो म्हणतो, "दाखव." मी हात पुढं करतो, मूठ मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो, पुन्हा उघडतो. तो बघत राहतो, हसतो, आणि वहिनीला हाक मारून सांगतो, "बघ, बघ, कशी उघडतायत. बास झालं. आणखी काय पायजे?"